तोलेदो : एक नदी, तीन भाषा

स्पेन देशाच्या मध्यभागी, माद्रिदच्या नैर्ऋत्येस सुमारे सत्तर किलोमीटरवर तोलेदो नावाचे एक जुने शहर आहे. इंग्रजी नकाशांच्या सवयीने आपण त्याचा उच्चार ‘टोलेडो’ असा करतो. आज त्याची लोकसंख्या पंच्याऐंशी हजारांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडील तालुक्याच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच त्याची वस्ती. तथापि हे शहर एके काळी व्हिसिगॉथ राजांची राजधानी होते, पुढे अरबी विद्येचे एक ठाणे झाले, आणि बाराव्या-तेराव्या शतकांत गणित, ज्योतिष व वैद्यक या विषयांतील कितीतरी ग्रंथ याच शहरातून उर्वरित युरोपात गेले. त्या ग्रंथांमध्ये भारताचाही काही वाटा होता. पुढे हेच शहर मागे पडले. एखादे शहर कशाने मोठे होते आणि कशाने लहान होते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी तोलेदोसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या शहराचा भूगोल आणि इतिहास पाहावयाचा आहे.

प्रथम भूगोल. स्पेनचा मध्यभाग म्हणजे एक विस्तीर्ण पठार आहे. त्यास ‘मेसेता’ म्हणतात. या पठारावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे ताहो नदी वाहते. इंग्रजी नकाशांत तिला टेगस म्हणतात. सुमारे एक हजार किलोमीटरांचा प्रवास करून ती पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ अटलांटिक महासागरास मिळते. वास्को द गामाची जहाजे १४९७ साली हिंदुस्थानच्या शोधार्थ निघाली ती याच नदीच्या मुखातून. तेव्हा गोव्यातील वाचकांना ही नदी अगदीच परकी वाटू नये. तोलेदोपाशी या नदीने एक नवल केले आहे. उत्तरेस मऊ मातीचा सपाट प्रदेश मोकळा असताना तो सोडून ती दक्षिणेच्या कठीण खडकात शिरली आहे आणि तेथे खोल घळ कापून तिने एका टेकडीस पूर्व, दक्षिण व पश्चिम अशा तीन बाजूंनी वेढा घातला आहे. भूशास्त्रज्ञ याचे कारण असे देतात की, पूर्वी ही नदी वरच्या मऊ थरांवरून वाहत असताना तिचे वळण ठरून गेले, आणि पात्र खोल होत खालचा खडक लागला तेव्हा तिला ते वळण सोडता आले नाही. या टेकडीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५३० मीटर उंचीवर, तोलेदो वसले आहे.

नदीने तीन बाजू राखल्या. माणसांना तटबंदी घालावयाची राहिली ती मुख्यतः उत्तरेकडे. रोमन इतिहासकार लिव्ही याने या गावाचा उल्लेख करताना ते लहान असले तरी जागेमुळे सुरक्षित आहे, असा अभिप्राय दिला आहे. परंतु जी जागा रक्षणास सोयीची, ती राहण्यास सोयीची असतेच असे नाही. येथे पाऊस वर्षाकाठी साडेतीनशे मिलीमीटरच्या आसपास पडतो. उन्हाळा कडक आणि हिवाळा बोचरा. नदी डोळ्यांसमोर वाहते, पण पाणी घळीच्या तळाशी आणि वस्ती टेकडीच्या माथ्यावर. रोमन लोकांनी दुरून पाटाने पाणी आणले होते. ते बांधकाम पडल्यानंतर अनेक शतके पाणके गाढवांवर घडे लादून टेकडी चढत राहिले.

इ. स. पूर्व १९२ च्या सुमारास रोमन सेनापती मार्कुस फुल्व्हियुस याने हे गाव जिंकले व त्याचे तोलेतुम झाले. रथांच्या शर्यतींसाठी बांधलेल्या रोमन क्रीडांगणाचे अवशेष आजही उत्तरेकडील सखल भागात दिसतात. रोमन सत्ता ढासळल्यावर आलेल्या व्हिसिगॉथ राजांनी सहाव्या शतकात तोलेदोस राजधानी केली. येथे भरलेल्या धर्मपरिषदा प्रसिद्ध आहेत. ५८९ सालच्या तिसऱ्या परिषदेत राजा रेकारेद याने आपला आरियन पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारल्याचे जाहीर केले. ६५४ साली राजा रेकेस्विंथ याने गॉथ आणि रोमन या दोन्ही प्रजांना लागू होणारी एकच कायद्याची संहिता जारी केली. राज्ये बदलली तरी ही संहिता पुढे कित्येक शतके वापरात राहिली. तोलेदोच्या इतिहासात कागदपत्रे राजांपेक्षा दीर्घायुषी ठरतात, हे यापुढेही दिसून येईल.

७११ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या तारिकच्या सैन्याने व्हिसिगॉथ राज्य मोडले आणि तोलेदोचे तुलैतुला झाले. पुढील सुमारे पावणेचारशे वर्षे येथे मुसलमानी सत्ता होती. या काळात शहरातील बरेचसे ख्रिस्ती लोक ख्रिस्तीच राहिले, पण त्यांची बोलण्या-लिहिण्याची भाषा हळूहळू अरबी झाली. त्यांना ‘मोझाराब’ म्हणत. या शब्दाचा अर्थच मुळी अरबी वळणाचे झालेले लोक असा आहे. ज्यूंची वस्तीही जुनी होती. त्यांच्याकडे धर्मासाठी हिब्रू आणि व्यवहारासाठी व विद्येसाठी अरबी होती. ९९९ साली बांधलेली एक लहान मशीद आज चर्चच्या नावाने उभी आहे. तिची नऊ छोटी घुमटे आणि दर्शनी भागावरील विटांतील अरबी लेख अजून शाबूत आहेत.

कॉर्दोबाची खिलाफत अकराव्या शतकात मोडल्यावर तोलेदो हे एक स्वतंत्र लहान राज्य झाले. याच काळात येथे साईद अल-अंदलुसी नावाचा विद्वान काझी होऊन गेला (१०२९–१०७०). त्याने १०६८ साली निरनिराळ्या राष्ट्रांच्या विद्येविषयी एक ग्रंथ लिहिला. ज्या राष्ट्रांनी शास्त्रांची उपासना केली अशा आठ राष्ट्रांची गणना करून त्याने त्यांत पहिले स्थान भारतीयांना दिले आहे. भारतीयांचे ज्योतिष-सिद्धान्त, अंकांची पद्धती, बुद्धिबळ आणि पंचतंत्रातील कथा यांचा त्याने आवर्जून उल्लेख केला आहे. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता. बगदादमार्गे आलेल्या अरबी ग्रंथांवरून त्याने हे मत बनविले. त्याच्या भोवतालच्या मंडळींत अल-झरकाली हा ज्योतिषी होता. तोलेदोच्या मध्यान्हरेषेवर आधारलेली ‘तोलेदोची कोष्टके’ याच मंडळींच्या कामातून तयार झाली व पुढे दोन शतके युरोपभर वापरली गेली.

२५ मे १०८५ रोजी कॅस्टीलचा राजा सहावा आल्फोन्सो तोलेदोत शिरला. शहर वाटाघाटीने ताब्यात आले होते. मुसलमानांचे जीवित, मालमत्ता आणि मोठी मशीद राखण्याचे वचन दिले होते, असे परंपरा सांगते. परंतु राजा बाहेरगावी असताना राणी व नवा आर्चबिशप यांनी मशीद ताब्यात घेऊन तिचे चर्च केले. संतापलेल्या राजाला शहरातील एका मुसलमान धर्मपंडितानेच शांत केले, अशी कथा आहे, आणि त्या पंडिताचा म्हणून दाखविला जाणारा पुतळा आजच्या कॅथीड्रलमध्ये आहे. ते कॅथीड्रल त्याच जागी १२२६ साली सुरू होऊन १४९३ मध्ये पुरे झाले. कथा किती खरी हा प्रश्न वेगळा. पण वचन दिले होते आणि ते मोडले गेले, याची बोचणी त्या शहराच्या आठवणीत राहिली, एवढे तिच्यावरून म्हणावयास हरकत नाही.

आता एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. सरकारी नोकरीत जमिनीचे जुने कागद हाताळण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ती विशेष वाटेल. राज्य ख्रिस्ती राजाचे झाले तरी तोलेदोच्या ख्रिस्ती रहिवाशांची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि भाडेपट्टे पुढे दोनशे वर्षांपर्यंत अरबीतच लिहिले जात होते. बाराव्या आणि तेराव्या शतकांतील अशी हजाराहून अधिक खते आज उपलब्ध आहेत. विकणारा ख्रिस्ती, घेणारा ख्रिस्ती, कधी तर घेणारे खुद्द कॅथीड्रल. पण दस्त मात्र अरबी. ज्यांनी मोडी दफ्तरे पाहिली आहेत त्यांना याचे कारण चटकन उमजेल. राज्य एका दिवसात बदलते. पण ज्या भाषेत शेताच्या चतुःसीमा सांगण्याची लोकांना सवय आहे, ती भाषा एका दिवसात बदलत नाही.

स्पॅनिश भाषेत आजही या सवयीच्या खुणा आहेत. नगराध्यक्षास ते ‘आल्काल्दे’ म्हणतात, तो आपला काझी. ‘आल्ग्वासिल’ हा बेलिफाच्या जातीचा अंमलदार म्हणजे मूळचा वजीर, हुद्द्याने बराच उतरलेला. जकातनाक्याच्या ‘अदुआना’चे मूळ ‘दिवाण’ या शब्दात आहे. स्पॅनिश माणूस अमुकतमुक व्यक्तीस ‘फुलानो’ म्हणतो, आणि आपण ‘फलाणा’ म्हणतो. दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरे. तोलेदोच्या पूर्वेकडील जुन्या पुलाचे नाव ‘पुएन्ते दे आल्कांतारा’. अरबीत ‘अल-कंतरा’ म्हणजेच पूल. तेव्हा या नावाचा अर्थ होतो ‘पुलाचा पूल’. शहराचा मुख्य चौक ‘सोकोदोव्हेर’ हा मूळचा गुरांचा बाजार, आणि नाव अर्थातच अरबी.

अशा या शहरात बाराव्या शतकात परदेशी विद्यार्थी येऊ लागले. तोलेदोच्या ग्रंथसंग्रहांत अरबी पुस्तके होती, ती वाचणारे लोक रस्त्यात भेटत होते, आणि आर्चबिशप रायमुंदो (कारकीर्द ११५२ पर्यंत) व त्याच्यानंतरचे आर्चबिशप या कामास आश्रय देत होते. ‘तोलेदोची अनुवादशाळा’ असा शब्दप्रयोग पुष्कळदा केला जातो. परंतु तेथे इमारत, वर्ग व हजेरीपट असलेली शाळा नव्हती. निरनिराळ्या ठिकाणची माणसे आपापल्या ओढीने जमली आणि जोड्याजोड्यांनी काम करीत राहिली, इतकेच.

या जोड्यांच्या कामाची रीत एका अनुवादाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. इब्न सिनाच्या आत्मविषयक ग्रंथाचे भाषांतर अव्हेनदाउथ नावाचा ज्यू विद्वान आणि दोमिनिकुस गुंदिसाल्व्ही हा ख्रिस्ती धर्माधिकारी या दोघांनी मिळून केले. पहिला अरबी वाक्य वाचून त्याचा शब्दन् शब्द बाजारच्या बोलीत सांगे. दुसरा ते ऐकून लॅटिनमध्ये लिहून काढी. म्हणजे अरबी पान आणि लॅटिन पान यांच्यामध्ये एक न लिहिलेली, केवळ तोंडी सांगितलेली भाषा होती. ती म्हणजे पुढे स्पॅनिश म्हणून ओळखली गेलेली कॅस्टिलियन बोली. हे काम एकट्याने कोठडीत बसून होण्यासारखे नव्हते. त्यासाठी दोन निराळ्या धर्मांची माणसे एका मेजाशी रोज बसणे आणि अडले तेथे एकमेकांस विचारणे आवश्यक होते.

या सर्व अनुवादकांत क्रेमोनाचा जेरार्ड याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हा इटलीचा गृहस्थ टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाच्या शोधात तोलेदोस आला, येथेच अरबी शिकला आणि ११८७ साली मृत्यू येईपर्यंत त्याने सत्तराहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. टॉलेमीचा ग्रंथ, अल-ख्वारिज्मीचे बीजगणित, इब्न सिनाचा वैद्यकावरील महाग्रंथ हे त्यांतील काही. त्याच्या जोडीस गालिब नावाचा मोझाराब मदतनीस होता. जेरार्डचे नाव विद्यापीठांनी लक्षात ठेवले. गालिबचे नाव एका इंग्रज अभ्यासकाने सहज नोंदवून ठेवले म्हणून आपल्याला कळते.

या अनुवादांतून काय घडले आणि काय बिघडले, याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. भारतीय गणितात अर्धज्येस ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. अरबांनी तो शब्द ‘जीब’ असा उचलला. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि अपरिचित शब्द परिचितासारखा वाचण्याकडे मनुष्याचा कल असतो. म्हणून पुढे तो शब्द ‘जैब’ असा वाचला जाऊ लागला. त्याचा अर्थ वस्त्राची घडी किंवा खिसा. हिंदीतील ‘जेब’ तोच. बाराव्या शतकातील अनुवादकांनी त्याचे लॅटिन भाषांतर घडी या अर्थाच्या ‘सिनुस’ या शब्दाने केले, आणि त्याचाच आजचा ‘साइन’ झाला. धनुष्याची दोरी अशी खिशात गेली आणि शाळेच्या त्रिकोणमितीत कायमची बसली. अंकांचा प्रवासही याच वाटांनी झाला. भारतीय अंकपद्धतीवरील अल-ख्वारिज्मीच्या पुस्तकाचा लॅटिन अवतार बाराव्या शतकातलाच आहे, आणि ‘अल्गोरिदम’ हा आजचा शब्द त्याच्या नावावरून आला आहे.

तेराव्या शतकात या कामास वेगळे वळण लागले. १२२१ साली तोलेदोतच जन्मलेला दहावा आल्फोन्सो (राज्यकाल १२५२–१२८४) यास इतिहास ‘विद्वान राजा’ म्हणतो. त्याच्या पदरी ज्यू, ख्रिस्ती आणि काही मुसलमान पंडित होते. त्याने केलेला मोठा बदल असा की, पूर्वी जी बोली केवळ मधली पायरी होती तिलाच त्याने शेवटची पायरी केले. कायदा, इतिहास व ज्योतिष हे विषय आता कॅस्टिलियनमध्येच लिहिले जाऊ लागले. येहूदा बेन मोशे आणि इसाक बेन सिद या दोन ज्यू ज्योतिष्यांनी त्याच्या आज्ञेवरून तोलेदोत वेध घेऊन नवी कोष्टके रचली. याच सुमारास आपल्याकडे महानुभावांचे गद्य आणि ज्ञानेश्वरी (शके १२१२, म्हणजे १२९०) निर्माण होत होती. संस्कृत आणि लॅटिन यांच्या सावलीत वाढलेल्या दोन बोली एकाच शतकात ग्रंथभाषा व्हाव्यात, हा योगायोग असला तरी मनोज्ञ आहे.

आल्फोन्सो युवराज असताना, १२५१ साली, त्याच्या आज्ञेवरून ‘कालिला आणि दिम्ना’ हे पुस्तक अरबीतून कॅस्टिलियनमध्ये आले असे मानतात. हे दोघे म्हणजे पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे. संस्कृतातून पहलवीत ते सहाव्या शतकात गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्यांना अरबी बोलावयास लावले, आणि तेथून पाचशे वर्षांनी ते स्पेनमध्ये पोहोचले. कॅस्टिलियन कथा-गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत याची गणना होते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. त्या काळचे तोलेदो म्हणजे तीन धर्मांचे नंदनवन होते, असे चित्र अलीकडे प्रवासी-पुस्तिकांतून रंगविले जाते. वस्तुस्थिती तशी नव्हती. मुसलमानी अमलात ख्रिस्ती व ज्यू यांना वेगळा कर द्यावा लागे. ख्रिस्ती अमलात मुसलमान व ज्यू यांचा दर्जा खालचाच होता. अनुवादाचा हेतूही प्रत्येक वेळी प्रेमाचा नसे. तोलेदोच्या मार्कोस याने १२१० साली कुराणाचे लॅटिन भाषांतर केले ते इस्लामचे खंडन करता यावे म्हणून. परंतु दोष दाखविण्यासाठी का होईना, शेजाऱ्याचे पुस्तक वाचले पाहिजे, आणि ते वाचण्यासाठी शेजारी शेजारी असला पाहिजे, इतके त्या समाजास मान्य होते. पुढे नेमके तेच मान्य होईनासे झाले.

१३९१ साली स्पेनभर ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या व तोलेदोतही कत्तल झाली. पुष्कळ ज्यूंनी जीव वाचविण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मुला-नातवंडांनी ख्रिस्ती म्हणून व्यापारात आणि सरकारी नोकऱ्यांत जम बसविला. १४४९ साली राजाच्या मंत्र्याने शहराकडे दहा लाख नाण्यांचे कर्ज मागितले. त्या रोषाचे लोण कर वसूल करणाऱ्या एका धर्मांतरित व्यापाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचले व ते जाळण्यात आले. नंतर बंडखोरांचा पुढारी पेरो सार्मिएंतो याने ठराव केला की, ज्यू वंशाच्या कोणासही शहरात अधिकाराची जागा मिळणार नाही, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. माणसाची श्रद्धा न पाहता त्याचे ‘रक्त’ पाहून नोकरीची पात्रता ठरविणारा हा तेथील पहिला ठराव समजला जातो. पोप पाचवा निकोलस याने त्याच वर्षी त्याचा निषेध केला. परंतु १५४७ साली आर्चबिशप सिलीसेओ याने तोलेदोच्या कॅथीड्रलला तसाच नियम लावला, तेव्हा पुढे पोप आणि राजा या दोघांनीही त्यास मंजुरी दिली. शंभर वर्षांपूर्वी जे दंगेखोरांचे कृत्य होते, ते आता रीतसर नियम झाले. सरकारी नियमांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या प्रवासाची भीती अधिक कळेल.

मधल्या काळात १४८५ साली धर्मन्यायालय तोलेदोत आले. त्याच वर्षी प्रायश्चित्त घेऊन मिरवणुकीत चालावे लागलेल्या धर्मांतरितांत हुआन सांचेस नावाचा एक कापडव्यापारी होता. तो पुढे आव्हिला येथे राहावयास गेला. संत तेरेसा ही त्याची नात. तिला १६२२ साली चर्चने संतपद दिले. १४९२ साली बाप्तिस्मा न घेणाऱ्या सर्व ज्यूंना देश सोडण्याची आज्ञा झाली. राजाचा खजिनदार सामुएल हालेव्ही याने १३५७ च्या सुमारास बांधलेले सिनेगॉग रिकामे पडून चर्चच्या ताब्यात गेले. त्याच्या भिंतींवरील हिब्रू लेख आणि त्यांत गुंफलेली अरबी अक्षरे मात्र टिकून राहिली. १५०२ साली कॅस्टीलमधील मुसलमानांपुढेही बाप्तिस्मा किंवा देशत्याग हाच पर्याय ठेवण्यात आला. बाप्तिस्मा घेतलेल्या त्यांच्या वंशजांस मोरिस्को म्हणत. १६०९ पासून त्यांचीही हकालपट्टी सुरू झाली.

सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ या १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत या संदर्भात एक अर्थपूर्ण प्रसंग आहे. कथेचा पुढचा भाग निवेदकाला तोलेदोच्या बाजारात, रद्दी म्हणून विकावयास आलेल्या अरबी कागदांत सापडतो. वाचून दाखवावयास एक मोरिस्को त्याला तेथल्या तेथे भेटतो, आणि मनुके व गहू एवढ्या मजुरीवर तो महिना-दीड महिन्यात सारे भाषांतर करून देतो. लेखकाने हे विनोदाने लिहिले आहे. परंतु चार वर्षांनी हद्दपारीचे हुकूम निघाले, आणि तोलेदोच्या बाजारात असा दुभाषा सहज मिळण्याचे दिवस संपले.

या सर्वांमुळेच तोलेदोचे राजकीय महत्त्व गेले, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. त्याची कारणे वेगळी आहेत. १५२० साली कॅस्टीलच्या शहरांनी राजा पहिला कार्लोस याच्याविरुद्ध उठाव केला. त्याचा एक नेता हुआन दे पादिया हा तोलेदोचाच. १५२१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाल्यावरही त्याची पत्नी मारिया पाचेको हिने काही महिने शहर लढविले. राजांच्या मनातील ही अढी, टेकडीवरील अरुंद गल्ल्या, बलाढ्य आर्चबिशपचा शेजार आणि पाण्याची टंचाई अशी अनेक कारणे इतिहासकार देतात. १५६१ साली दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलविला. राजधानी गेलेल्या शहराची अवस्था ग्वाल्हेर, इंदूर किंवा बडोद्याच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

पाण्याची कथा तर एखाद्या नगरपालिकेच्या दप्तरात शोभावी अशी आहे. जेरार्डच्याच क्रेमोना गावचा हुआनेलो तुर्रियानो या घड्याळजीने नदीच्या प्रवाहावर चालणारे एक यंत्र बसवून १५६९ साली ताहोचे पाणी नव्वद मीटरांहून अधिक उंचीवर, आल्कासार या राजवाड्यापर्यंत चढविले. युरोपातील लोक ते यंत्र पाहावयास येत. पण पाणी राजवाड्यातच थांबले. शहरास ते मिळेना, म्हणून शहराने ठरलेला मोबदला देण्याचे नाकारले. तुर्रियानोने दुसरे यंत्रही उभारले, तरी १५८५ साली तो दारिद्र्यातच वारला. पुढील शतकात यंत्रे बंद पडली आणि पाणक्यांची गाढवे पुन्हा टेकडी चढू लागली.

नंतरच्या तोलेदोची ओळख मुख्यतः भूतकाळाची आहे. क्रीट बेटावरून आलेला चित्रकार एल ग्रेको १५७७ पासून १६१४ साली मृत्यू येईपर्यंत येथे राहिला. त्याच्या चित्रांमुळे या टेकडीचे रूप जगास परिचित झाले. तलवारींसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात अठराव्या शतकात सरकारी शस्त्रशाळा निघाली. तिच्या इमारतींत आता विद्यापीठाचे वर्ग भरतात. १९३६ च्या यादवी युद्धात फ्रँकोच्या पक्षाच्या सैनिकांनी आल्कासारमध्ये सुमारे सत्तर दिवस वेढा सोसला आणि ती वास्तू जवळजवळ जमीनदोस्त झाली. ती पुन्हा बांधण्यात आली. आज तिच्यात सैन्याचे संग्रहालय आहे आणि वरच्या भागात प्रांताचे मोठे ग्रंथालय आहे.

१९८३ साली तोलेदो हे कास्तिया-ला मांचा या स्वायत्त प्रांताच्या शासनाचे ठाणे झाले, आणि १९८६ साली जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश झाला. ताहो मात्र दीन झाली आहे. १९७९ पासून तिच्या वरच्या धरणांतील पाणी कालव्याने आग्नेय स्पेनच्या शेतीकडे वळविले जाते, आणि माद्रिदचे सांडपाणी उपनदीवाटे तिच्यात येते. तोलेदोत नदीत पोहण्यास १९७२ सालीच बंदी झाली. ज्या नदीने शहर राखले, तिला राखणे आता शहराच्या हाती राहिलेले नाही.

२०१५ साली स्पेनने एक कायदा करून १४९२ साली घालविलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. ती मुदत २०१९ मध्ये संपली. काहींच्या घरांत पाचशे वर्षांपूर्वीचे स्पॅनिश अजून बोलले जात होते. घालविलेल्यांनी भाषा जपली. घालविणाऱ्यांच्या गावात मात्र त्यांच्या लिपीतील लेख वाचणारा उरला नव्हता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा कोंकणी अशी स्थिती आहे. अशा ठिकाणी भाषेविषयी अभिमान असतो तशी भीतीही असते, आणि ती निराधार असते असे नाही. परंतु तोलेदोचा इतिहास पाहता असे दिसते की, त्या शहराची स्वतःची भाषा शेजारच्या भाषेशी रोजचा व्यवहार ठेवूनच वाढली. करटक-दमनकांपासून ताऱ्यांच्या कोष्टकांपर्यंत सर्व काही सांगण्याचे बळ तिला त्या मेजाशीच मिळाले. १९९४ साली तेथील विद्यापीठाने ‘तोलेदो अनुवादशाळा’ या नावाची संस्था स्थापन केली. अरबी आणि हिब्रूतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करण्याचे शिक्षण तेथे दिले जाते. गालिबला जी भाषा आईकडून मिळाली होती, ती शिकण्यासाठी आता तोलेदोच्या मुलांना वर्गात नाव घालावे लागते.